आतलं आत, बाहेरचं बाहेर

संप कितीही कडक असला, तरी बाटल्यांच्या त्या कारखान्यात काही माणसं उजळ माथ्याने फाटकातून आत जायची आणि त्यांना फितूर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्यातला सगळ्यात जुना भट्टीमामा. खरं तर तो कुणाचाच मामा नव्हता, त्याला बहीणच नव्हती. पण भट्टीपाशी हयात घालवलेल्या माणसाला काहीतरी नातं चिकटवायला हवं म्हणून लोकांनी हे चिकटवलं होतं, आणि त्यालाही ते आवडायचं.

काचेच्या भट्टीला संप करता येत नाही. तिच्या पोटात वितळलेली काच असते, कामगार तिला रस म्हणत. आच गेली की रस थिजतो, थिजता थिजता भिंतींना धरून ओढतो आणि आतल्या विटा तडकतात. मग ती पुन्हा पेटत नाही. फोडून काढायची आणि पायापासून नवी बांधायची, म्हणजे कारखानाच नवा उभा करायचा. म्हणून फार पूर्वी, मोठे मालक हयात असताना, युनियनने आणि त्यांनी मिळून एक रीत ठरवली होती. संपात बाटली एकही निघणार नाही, पण भट्टी मंद आचेवर जागी राहील. तिच्यासाठी चौघे आत जातील आणि मागच्या फाटकातून तेलाचे टँकर येतील, त्यांना कुणी अडवायचं नाही. बदल्यात त्या चौघांनी इकडचा शब्द तिकडे न्यायचा नाही आणि तिकडचा इकडे आणायचा नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर.

त्या दिवशी मोठ्या मालकांनी मामाचा हात धरून भट्टीच्या गरम भिंतीवर ठेवला होता आणि म्हणाले होते, ''दे शब्द.'' मामाने दिला. दोन्हीकडच्या लोकांनी त्याला पुढे नाना परीने खोदून पाहिलं, पण मामाच्या पोटातून काही बाहेर पडलं नाही. त्याला याचा अभिमान होता. आपल्याला फार काही येत नाही, पण एवढं येतं, असं तो मनाशी म्हणायचा.

त्याच्या बायकोला या अभिमानाचं कौतुक नव्हतं. लग्नाआधीपासून ती त्याच कारखान्यात तपासणीच्या पट्ट्यावर बसायची. पांढऱ्या दिव्यासमोरून बाटल्या सरकत जायच्या, त्यांतली तडकलेली हेरून उचलायची. पट्टा जोरात पळत असताना एक बाटली तिच्या तोंडाजवळ फुटली आणि डावा डोळा गेला. मोठे मालक स्वतः घरी आले, खुर्चीच्या कडेवर टेकले, हळहळले, फळांची टोपली ठेवून गेले. मामा पुढे कितीतरी दिवस त्या भेटीविषयी बोलायचा. बायको एकदाच बोलली.

''फळं आणली मालकांनी. डोळा नाही आणला.''

पट्टा तसाच पळत राहिला. आता त्याच पट्ट्यावर त्यांची पोरगी बसायची. मोठे मालक गेल्यावर धाकट्या मालकांनी तो आणखी जोरात पळवला, तेव्हा ही पोरगी पहिल्यांदा जागची उठली आणि पट्ट्याचं बटण बंद करून खाली बसली. तिथून तिला सगळे ताई म्हणायला लागले, तिथून ती युनियनची सेक्रेटरी झाली, आणि आताचा हा संपही त्या पट्ट्याच्या वेगावरूनच पेटला होता.

''पोरगी माझ्यावर गेलीय,'' बायको म्हणायची. ''पोटात काही ठेवत नाही. तुमच्यावर गेली असती तर मला भिंतींशी बोलत बसावं लागलं असतं.''

मामा हसायचा. हसण्यावारी नेणं त्याला छान जमायचं.

संप लांबला. फाटकासमोर पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या माणसांच्या दाढ्या वाढल्या, घोषणा बसक्या झाल्या. ज्या घरांत दोघे कमावते होते तिथे एकवेळचं जेवण झालं, आणि जिथे एकच होता तिथे काय झालं ते कुणी विचारत नव्हतं. मामा रोज सकाळी त्यांच्यामधून वाट काढत आत जायचा. लोक सरकून जागा द्यायचे. कुणी म्हणायचं, ''मामा, आमच्या वाटची ऊब घेऊन या.'' तोही मान डोलवायचा.

आत मामाबरोबर दिवसपाळीला सावकाश असायचा. त्याचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवत नसे. प्रत्येक गोष्टीला 'सावकाश, सावकाश' म्हणायची त्याला सवय होती, आणि तो लग्नाच्या बोहल्यावरही केस पिकल्यावरच चढला होता. दोघं आळीपाळीने भट्टीच्या भोकाला निळी काच लावून आत बघत, रसाचा रंग पाहून आच कमीजास्त करत, आणि उरलेला वेळ रिकाम्या कारखान्यात भट्टीच्या पंख्यांची घरघर ऐकत बसत.

अशाच एका सकाळी टँकरच्या मागोमाग एक ट्रक आत आला.

मागच्या आवारात ताडपत्रीखाली नव्या विटांचा ढीग होता. साध्या विटा नव्हेत, भट्टीच्या. आदल्या वर्षी त्या आल्या तेव्हा अख्ख्या कारखान्याने एकमेकांना चहा पाजला होता, कारण भट्टीच्या भिंती झिजल्या होत्या आणि विटा आल्या याचा अर्थ मालक भट्टी नव्याने बांधणार, म्हणजे आणखी दहा-बारा वर्षांची निश्चिंती. लोकांनी त्या ढिगाच्या जिवावर मुलांची लग्नं ठरवली होती. आणि आता तो ढीग हमालांच्या हातांनी ट्रकमध्ये चढत होता.

मॅनेजर तिथेच उभा होता. मामा त्याच्याजवळ गेला.

''साहेब, विटा कुठं चालल्या?''

''ओल लागते हो मामा, उघड्यावर,'' मॅनेजर चष्मा पुसत म्हणाला. ''कोरड्या गोदामात हलवतोय.''

मामाला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पुढे दोन दिवसांनी बाटल्यांचे लोखंडी साचेही ट्रकमध्ये चढले, तेव्हा त्याने विचारलंच नाही. साच्यांनाही ओल लागत असावी. सावकाशनेही ते पाहिलं. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली. शब्द दोघांनी दिला होता.

त्या रात्री मामा ताटातला भात नुसता कडेला सारत बसला.

''काय झालं?'' बायकोने विचारलं.

''काही नाही.''

''काही नाही म्हणजे काहीतरी आहे,'' ती म्हणाली. पोरीने मान वर करून बापाकडे पाहिलं. ती दमली होती, डोळे लाल झाले होते. तिने विचारलं असतं तर तो बोललाही असता कदाचित. पण बाप भट्टीवर असताना त्याला आतलं काही विचारायचं नाही हे ती लहानपणापासून शिकली होती. तिने ताट उचललं आणि विसळायला नेलं.

आठवड्याने आडोशाखाली सभा भरली. पोरगी उभी राहिली. भाषण करताना ती हात हलवत नसे, घरात बोलावं तसं बोलायची, आणि म्हणूनच तिचं लोकांना लागायचं.

''भट्टी गरम आहे तोवर मालकाला कसली घाई? आपल्या घरातल्या चुली विझल्यात आणि आपणच त्याची चूल राखतोय. आपल्याकडे आता एकच गोष्ट उरलीय, आणि ती आपण वापरत नाही. भट्टीवरची माणसं बाहेर घेऊ. आच बंद झाल्यावर दीड दिवस वेळ असतो. तेवढ्यात तो बोलायला येईल. यावंच लागेल.''

माणसं मागून पुढे सरकली. किती दिवसांनी कुणीतरी काहीतरी करू म्हणत होतं. मग सगळ्यांनी मामाकडे पाहिलं, कारण भट्टीचं त्याच्याशिवाय कोण बोलणार.

''नका विझवू,'' मामा म्हणाला.

''का, बाबा?''

''नका विझवू. एवढंच.''

''काही कारण?''

पोरीचा आवाज मऊ झाला. ''बाबा, तुमचा जीव तिच्यात अडकलाय. मला कळतं ते.''

''मामांची पहिली बायको ती,'' मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मामाही कसनुसा हसला.

त्या वेळी दोनच शब्द पुरे होते. विटा गेल्या. ते त्याच्या घशापर्यंत आले, जिभेवर टेकले. मोठ्या मालकांनी धरलेला हात त्याला आठवला, भिंतीची ऊब आठवली, आणि आयुष्यभर आपल्याला येणारी एकच गोष्ट आज मोडायची, याचा त्याला धीर झाला नाही. त्याने स्वतःची समजूत घातली. ओल लागते, मॅनेजर म्हणाला होता. आणि स्वतःची भट्टी कोण मरू देतो? भट्टी थंड होतेय म्हटल्यावर मालक धावत येईल, चपला घालायलाही थांबणार नाही.

हीच त्या सगळ्यांची चूक होती, आणि ती त्यांनाच शोभावी अशी होती. सगळं आयुष्य त्या आगीच्या जिवावर काढलं असल्यामुळे त्यांना वाटायचं, आपलं पोट हिच्यावर तसं मालकाचंही हिच्यावरच असणार. मालकाचं पोट केव्हाच दुसऱ्या पंगतीला जाऊन बसलं होतं.

''तुमचं ठरलं असेल तर मी नाही म्हणत नाही,'' मामा म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावकाश कोपऱ्यात बसून चपलेचा अंगठा चाचपत होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तसा तो कशालाच वेळेवर वाजवत नसे, त्यामुळे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सभेच्या दुसऱ्या सकाळी तेलाच्या झडपा मामाने स्वतःच्या हाताने बंद केल्या. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. एकेक ज्वाळ आखडत गेली, पंख्यांची घरघर थांबली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला तिथे स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता.

''साहेब, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे,'' मामा म्हणाला. ''मालकांनी नुसता निरोप धाडला तरी मी येऊन पेटवतो. त्यानंतर मात्र कुणाच्या बापाला पेटायची नाही ती.''

''कळवतो मालकांना,'' मॅनेजर म्हणाला. रागावला नाही, घाबरला नाही, थांबा असंही म्हणाला नाही.

मामा आणि सावकाश बाहेर पडले आणि पाठोपाठ फाटकाला साखळी पडली. इतक्या संपांत ते फाटक कधी बंद झालं नव्हतं. मामा वळून त्या साखळीकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं रस्त्याकडे डोळे लावून बसली. मालकाची गाडी कुठल्या वळणावरून येणार यावर पोरासोरांच्या पैजा लागल्या. कुणी दाढी करून आलं होतं. ऊन चढलं, डोक्यावर आलं, आणि रस्त्याने एक भाजीची हातगाडी तेवढी गेली. मामा उठला. अंगातला सदरा सारखा केला आणि फाटकाशी गेला.

''उघड रे,'' तो रखवालदाराला म्हणाला. ''आच चढवतो.''

हा रखवालदार वर्षानुवर्षं मामाला हात उंचावून नमस्कार करायचा. आज तो गजांच्या पलीकडून मामाच्या पायांकडे पाहत होता.

''हुकूम नाही, मामा.''

''अरे, मरेल ती.''

''कळतं हो मला. पण किल्ली माझ्याकडे नाही. सकाळीच मॅनेजरसाहेब घेऊन गेले.''

मामाला सगळं कळलं ते तिथे. विटा, साचे, मॅनेजरचा चष्मा, साखळी. त्याने दोन्ही हातांनी गज धरले आणि कपाळ त्यांना टेकवलं. पोरगी धावत आली.

''बाबा, थोडं थांबा. येईल तो. शेवटच्या क्षणापर्यंत ताणणार तो, मला माहितीय.''

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर अजून आशा होती, आणि ते बघवत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा आतून आवाज आला. पहिला बारीक, कपाटात कप तडकावा तसा. मग जाड, मग एकामागून एक, जमिनीतून पायांना जाणवणारे. काही तरुण पोरांनी आरोळी ठोकली, ''आता येईल शरण!'' आणि जुन्या माणसांचे चेहरे पाहून ती मध्येच गिळली. मामा रडला नाही. तो गज सोडून खाली बसला, आणि आवाज थांबेपर्यंत तसाच बसून राहिला.

चार दिवसांत फाटकावर मालकाचा कागद लागला: कामगारांनी स्वतःच्या हातांनी भट्टी नष्ट केल्यामुळे कारखाना कायमचा बंद करणं भाग पडत आहे. मागोमाग टेप घेऊन माणसं आली आणि जमीन मोजायला लागली. कारखाना बंद करायचं मालकाने केव्हाच ठरवलं होतं. स्वतः बंद केला असता तर बोल त्याच्यावर आला असता. आता कारखानाही गेला आणि बोलही कामगारांच्याच माथी आला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातला प्रकार.

संध्याकाळी आडोशाखाली माणसं जमली. मालक त्यांच्या हाताला लागणारा नव्हता. पोरगी समोर होती.

''ताई, तुझ्यापायी झालं हे.''

''म्हाताऱ्याने सांगितलं होतं, नका विझवू. ऐकलंस?''

''आता घरी जाऊन काय सांगू मी?'' हे विचारणारी बाई पट्ट्यावर पोरीच्या शेजारी बसायची. दोघींचा डबा एक होता.

पोरगी उभी होती. ती एकदाही म्हणाली नाही की तुम्ही सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या. मान ताठ ठेवून ऐकत होती, फक्त हाताची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली होती. लहानपणी मार खातानाही ती अशीच उभी राहायची.

मामाला ते सोसवलं नाही. तो उठला.

''तिला बोलू नका,'' तो म्हणाला. ''चूक माझी आहे. विटा आधीच गेल्या होत्या. साचेही. ट्रकमध्ये चढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि सांगितलं नाही. शब्द दिला होता, आतलं आत म्हणून. मी बोललो असतो तर भट्टी विझवायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.''

सावकाशने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मामाने त्याचं नाव घेतलं नाही.

''मालकाचा माणूस,'' कुणीतरी म्हणालं. ''जन्मभर आत-बाहेर करत होता, आम्ही मामा मामा करत होतो.'' एक हात पुढे आला आणि त्याने मामाची कॉलर धरली. तो हात ओळखीचा होता. त्या हाताला भट्टीवरचं काम मामानेच शिकवलं होतं.

''सोडा त्यांना,'' पोरगी म्हणाली.

''ताई, तू मध्ये पडू नकोस.''

''सोडा म्हणते ना.'' ती पुढे आली. ''बाबांनी मला सांगितलं होतं. घरी, सभेच्या आदल्या रात्री. विटा गेल्या म्हणाले. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, मालक आपल्याला घाबरवायला नाटक करतोय. मीच म्हटलं, बाहेर बोलू नका, लोकांचा धीर सुटेल.''

''खोटं आहे हे,'' मामा म्हणाला. ''ती खोटं बोलतेय. मी कुणालाच…''

''बाबा, बसा,'' ती म्हणाली. ''आता मला पाठीशी घालू नका.''

कॉलर सुटली. बाप पोरीला वाचवतोय हे सगळ्यांना चटकन पटलं, खरं होतं ते मात्र कुणाला पटेना. मामा ज्याला त्याला धरून सांगू लागला, आणि जो तो त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणू लागला, ''असू दे मामा, पोटची पोर आहे, कळतं आम्हाला.'' पोरीशी कुणीच बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक जण उठून गेला. शेजारची ती बाई शेवटी उठली. तिने पदराला लावलेला युनियनचा बिल्ला काढला, पोरीच्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेली.

दोघं घराकडे चालू लागली.

''असं का केलंस?'' शेवटी मामाने विचारलं.

''तुम्हाला याच माणसांत राहायचंय, बाबा. याच गल्लीत. या वयात तुम्हाला कोण दुसरीकडे काम देणार? मी जाईन कुठेतरी. पट्टे सगळीकडे असतात.''

''आणि तुझं नाव?''

वळणावर आल्यावर ती थांबली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, ''खरंच सांगितलं असतंत ना, तर मी ऐकलं असतं.''

''माहितीय,'' मामा म्हणाला.

बायको दारातच उभी होती. एका डोळ्याने तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

''काय झालं सभेत?''

मामाने पोरीकडे पाहिलं. पोरीने मान हलवली, नको म्हणून. तिने चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या आणि पाण्याचा तांब्या उचलला.

''काही नाही, आई.''

''काही नाही?''

''काही नाही.''

बायको बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग बाजूला सरून तिने दोघांना आत येऊ दिलं.

''गेली,'' ती नवऱ्याला म्हणाली. ''शेवटी तुमच्यावरच गेली.''